कावेरीत पाणी, चुलीवर तूप

१

चंद्रमती अक्कांचं कपाट उघडलं तेव्हा आत वही नव्हती.

रामनवमी रविवारी होती आणि तो बुधवार होता. तंजावरच्या मेल वीथीतल्या, म्हणजे पश्चिम रस्त्यावरच्या, अक्कांच्या घरात राममंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष गोपालकृष्ण स्वतः आले होते. वीज खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण अजून प्रत्येक गोष्टीला साक्षीदार लागत. म्हणून त्यांनी हिंदी टीचर सुप्रभालाही बोलावलं होतं. तंजावरच्या मराठी घरांत नागरी अक्षरं धडपणे वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्या बोटांतलं पहिलं बोट सुप्रभाचं. अडतीस वर्षं ती तमिळ शाळकरी पोरांना हिंदीच्या परीक्षांना बसवत आली होती.

वही साधीसुधी नव्हती. चंद्रमती अक्का कीर्तनकार. त्यांनी आयुष्यभरात रचलेली चाळीस आख्यानं त्या एका जाड वहीत होती आणि सगळी सांकेतिक लिपीत. त्यांच्या तरुणपणी कुणीतरी त्यांचं आख्यान ऐकून उतरवून घेतलं आणि स्वतःच्या नावाने रेडिओवर म्हटलं. त्या दिवसापासून अक्कांनी अक्षरांची अदलाबदल करून लिहायला सुरुवात केली. ती लिपी त्यांनी एकाच व्यक्तीला शिकवली, शिष्या दिव्यश्रीला. दीड महिन्यापूर्वी अक्का गेल्या. तेराव्याला सगळ्यांनी वही कपाटात पाहिली होती. आता तिच्या जागी घडी घातलेला एक कागद होता.

गोपालकृष्णांनी तो उलगडला. वेडीवाकडी, थरथरती नागरी अक्षरं. अक्कांचा हात शेवटी कापायचाच.

"अक्कांच्या लिपीतलं आहे," ते म्हणाले. "दिव्या, तूच वाच कीं. दुसऱ्या कुणाला येतें?"

दिव्यश्री कॉलेजात गणित शिकवायची. बत्तीस वर्षांची, बोलायला थोडी, पण कीर्तनाला उभी राहिली की मंडपातली लहान मुलंही गप्प बसत. रविवारी अक्कांच्या गादीवर तिनेच उभं राहायचं ठरलं होतं. तिने पेन काढलं, पाठकोऱ्या कागदावर एकेक अक्षर उकलत ती तमिळ अक्षरांत मराठी लिहीत गेली. इकडची सगळीच माणसं मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत. तिसऱ्या शब्दावर तिचा हात थांबला. मग तिने ओठ घट्ट मिटून उरलेलं पुरं केलं आणि मोठ्याने वाचलं.

"वही दिव्याने घेतली. परत देत नाही. गादी चिदंबराला द्या."

२

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट राजवाड्याच्या मागल्या सगळ्या गल्ल्यांत पोचली. वाचता न येणारी वही कोण कशाला चोरेल? जिला वाचता येतं तीच! लोकांचा हिशोब असा सरळ असतो, आणि म्हणूनच बहुतेकदा चुकतो.

दिव्यश्री सुप्रभाकडे आली ती रडून झाल्यावर. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"टीचर, कमिटीने शनिवारपर्यंत वेळ दिलाय. वही आणून दे, नाहीतर गादी अक्कांच्या भाच्याला, चिदंबर मामाला. गादी जाऊं दे एकवेळ. पण चोर म्हणून मी ह्या गावांत कशी राहूं? अक्कांनी असं लिहिलं असेल?"

"बैस आधी. कापी घे." सुप्रभाने कॉफीचा पितळी टंबलर तिच्यासमोर ठेवला. "मला एक सांग. कागद तुझ्या हातांत होता. दुसऱ्या कुणाला वाचतां येत नव्हता. तूं 'गादी दिव्याला द्या' म्हणून वाचलं असतंस, तर कोण बोलणार होतं?"

दिव्यश्रीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. असं काही करता आलं असतं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. सुप्रभाची खात्री पटायला तेवढं पुरेसं होतं. पण कमिटीला चेहरा दाखवून भागत नाही.

"लिपी शिकव मला," ती म्हणाली.

लिपी इतकी सोपी होती की सुप्रभाला हसू आलं. अक्कांनी तिची एक ओळ करून ठेवली होती, आणि पाठ देताना ती त्या गुणगुणत: कावेरीत पाणी, चुलीवर तूप. शब्दांची पहिली अक्षरं घ्यायची: क च्या जागी प, प च्या जागी क. च च्या जागी त, त च्या जागी च. पुढाऱ्यामागे सगळी रांग जाते, म्हणजे ख चा फ, ग चा ब, घ चा भ होतो. तसंच छ चा थ, ज चा द, झ चा ध. उलटही तेच. बाकीची अक्षरं, काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी.

दिव्यश्रीने पर्समधून एक जुना कागद काढला. अक्कांनी पहिल्या धड्याला स्वतः लिहून दिलेला. त्यावर एकच ओळ होती: राम वनाच बेला.

"राम वनात गेला," सुप्रभाने पेन्सिल न उचलता वाचलं. "ही ओळ घरांत आणखी कुणी ऐकली?"

"अक्का दार लावून शिकवायच्या नाहींत. चिदंबर मामा असायचे, झांजा घेऊन. त्यांची बायको हरिता अक्का स्वयंपाकघरांत. रघुराम मामा मृदंग लावत बसलेले. ओळ तिघांनी शंभरदां ऐकली असेल. पण रांगेचं तें पाटीवर लिहून मला एकटीला शिकवलं."

"आणि तो मूळ कागद?"

"गोपालकृष्ण मामांनी मंदिराच्या पेटींत कुलूप लावून ठेवलाय. पुरावा म्हणे."

सुप्रभाने कपाळावर हात मारला. सकाळी तो कागद तिच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि चष्मा घरी गादीखाली!

३

गुरुवारी सकाळी ती चिदंबरकडे गेली. चिदंबर म्हणजे अक्कांचा भाचा, वय पन्नास. त्याच घरात राहायचा आणि अक्कांच्या मागे उभा राहून ध्रुपद धरायचा. जिन्यात सुप्रभा थबकली. वर गच्चीवर कुणीतरी सीतास्वयंवर म्हणत होतं, अगदी अक्कांच्या हातवाऱ्यांसकट. सावली भिंतीवर दिसत होती.

तिने खाकरलं. सावलीचे हात खाली आले.

"गादी नको, नको म्हणतोस असं ऐकलं," ती वर पोचल्यावर म्हणाली.

चिदंबर लाजला. लहानपणी दहावा धडा पाठ न करता आल्यावर लाजायचा तसाच. तो तिचा पहिल्या वर्षीचा विद्यार्थी. हिंदीच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास.

"टीचर, तीस वर्षं मागे उभा राहिलों. एकदां तरी पुढे उभं राहावं असं वाटणार नाहीं कां?" तो म्हणाला. "पण ती चिठ्ठी मी नाहीं लिहिली. आतां माझं नांव त्यांत आहे, त्याला मी काय करूं?"

"कपाटाची किल्ली?"

"रामाच्या तसबिरीमागे खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक आहे."

त्याची बायको हरिता पुण्याची. वीस वर्षं इथे राहूनही तिचं मराठी पुण्याचंच राहिलं होतं, आणि सासरकडच्या मराठीला ती अजून मनातल्या मनात हसत असे. पण कापी मात्र आता तिला इथलीच लागे.

"खरं सांगू का, सुप्रभाताई," ती भांडी पुसत म्हणाली, "सकाळी पाचपासून झांजा सुरू व्हायच्या. डोकं उठायचं. वही गेली म्हटल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आलं, सुटले. मग स्वतःचीच लाज वाटली. अक्कांनी मला कधी उणंदुणं बोलून दाखवलं नाही हो."

"कावेरीत पाणी, चुलीवर तूप. हें ऐकलंयस?"

"रोज! मला वाटायचं, तूप कढवायला लावलंय आणि विसरतील म्हणून घोकतायत. दोनदा धावत येऊन गॅस बघितलाय मी."

सुप्रभा हसली, पण मनात नोंद झाली. किल्ली हिच्या हाताशी, घर हिच्या ताब्यात, आणि नागरी अक्षरं तर हिची जन्माची. नवऱ्याला एकदा गादीवर पाहावं असं कुठल्या बायकोला वाटणार नाही? दारापर्यंत आल्यावर हरिता हळूच म्हणाली, "तेराव्यानंतर त्या खोलीत आम्ही दोघं सोडून एकच माणूस आला होता. मृदंग न्यायला. पण त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे देवावरच घेतल्यासारखं आहे."

४

रघुराम वेण्णार नदीच्या काठी राहत. बस पुलापाशी सोडते, पुढे दोन्हीकडे हिरवा भात आणि मधून कालवा. ते ओसरीवर मृदंगाच्या तोंडाला रव्याची कणीक लावत बसले होते. चौसष्ट वर्षांचे, हडकुळे, आणि बोटं मात्र विशीतली. अक्कांच्या मागे त्यांनी एकतीस वर्षं मृदंग धरला होता.

"या, टीचरम्मा. चंद्रमती अक्का गेल्यापासून हा मृदंगही नीट बोलत नाहीं." त्यांनी तोंडावर थाप मारली. तो छान बोलला.

शेजारी एक छोटी वही होती, बोलांची, तमिळ अक्षरांत. सुप्रभाने सवयीने डोकावलं.

"तक तक, तक तक?"

"नाहीं, नाहीं!" ते हसले. "हें तक, तें दग. तमिळमध्यें दोन्ही सारखंच लिहितात. वाचणाऱ्याला कळतं."

"मराठी पदं कशी लक्षांत ठेवतां? नागरी येतें?"

"कुठली! शाळेंत तमिळच शिकलों. आतां फोन आहे." त्यांनी अभिमानाने दाखवलं. "मराठी पदाचा फोटो काढला कीं तमिळ अक्षरांत येतं. तमिळ टाकलं कीं नागरींत. आमच्या वेळीं असतं तर अक्कांना एवढं विचारावं लागलं नसतं."

मग थोडा वेळ ते कणीक मळत राहिले. कालव्यावरून एक मोपेड गेली.

"दिव्याने कुंभकोणमच्या एका मुलाला बोलावलंय म्हणे रविवारीं. मृदंगाला," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "चांगला वाजवतो म्हणतात. असेल."

"तुम्हांला सांगितलं नाहीं तिने?"

"कशाला सांगेल? मागे बसणाऱ्याला कोण सांगतो?"

परतीच्या बसमध्ये सुप्रभा खिडकीशी बसली आणि दिव्यश्रीने तमिळमध्ये उतरवलेला तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिली. वही दिव्याने घेतली. सगळं सरळ, सगळं शुद्ध. तिघांपैकी कुणीही लिहू शकलं असतं. शुक्रवार उजाडायला एक रात्र होती, आणि तिच्या हातात काहीही नव्हतं.

५

शुक्रवारी ती चष्मा डोळ्यांवर घालून, शिवाय एक जादा चष्मा पिशवीत घेऊन मंदिरात गेली.

"पुरावा पेटीबाहेर काढतां येत नाहीं," गोपालकृष्ण म्हणाले.

"मी पेटीपाशीं बसतें. साक्षीदार म्हणून तुम्हीं बसा."

साक्षीदार हा शब्द कामी आला. त्यांनी कुलूप उघडलं. सुप्रभाने कागद हातात न घेता, गुडघ्यांवर हात ठेवून वाचला. थरथरत्या नागरी अक्षरांत लिहिलं होतं:

वही चिव्याने पेचली. करच चेच नाही. पाची तिचंकराला च्या.

दिव्यश्रीने हे उकलून तमिळमध्ये लिहिलं होतं. सुप्रभाने आपल्या सवयीप्रमाणे नागरीतच लिहायला घेतलं. च चा त, प चा क, क चा प. जसं दिसतं तसं, एकही अक्षर पदरचं न घालता.

वही तिव्याने केतली. परत तेत नाही. काती चितंपराला त्या.

ती कागदाकडे बघत राहिली. मग हसायला लागली. आधी गालात, मग मोठ्याने, इतकी की गाभाऱ्यातले भटजी बाहेर डोकावले.

"काय झालं?" गोपालकृष्ण घाबरले. "अम्मा, पाणी आणूं?"

"मामा, अडतीस वर्षं!" सुप्रभाने डोळे पुसले. "अडतीस वर्षं मी ह्याच चुकेवर लाल शाई ओततेंय. शाईचे डबे संपले, चूक संपली नाहीं!"

"कुठली चूक?"

"उद्यां सकाळीं सगळ्यांना बोलवा. आणि शाळेतला फळा पाठवून द्या."

६

शनिवारी मंडपात पंखे फिरत होते तरी सगळे घामाघूम झाले होते. समोर फळा. पहिल्या रांगेत दिव्यश्री, चिदंबर, हरिता आणि रघुराम. मागे अर्धी गल्ली, कारण फुकटचं नाटक कोण सोडतो?

सुप्रभाने खडू उचलला. तिला वर्ग समोर असला की भीती म्हणून वाटत नसे.

"माझ्या वर्गांत पहिल्या दिवशीं पोरं काय लिहितात, ठाऊक आहे? 'राम काना काता है.' राम खाना खातो कीं गाणं गातो, हें देवालाच ठाऊक. पोरांचा दोष नाहीं. आपल्या तमिळमध्यें क, ख, ग, घ ह्या चौघांना एकच अक्षर. त, थ, द, ध ह्यांनाही एकच. प, फ, ब, भ ह्यांनाही. बोलतांना आपण वेगळं बोलतों, लिहितांना एकच लिहितों, आणि वाचणाऱ्याला कळतं."

शेवटचे शब्द म्हणताना तिने कुणाकडेच पाहिलं नाही.

तिने फळ्यावर अक्कांची धड्याची ओळ लिहिली. राम वनाच बेला. "ही अक्कांच्या हातची. 'गेला'मधल्या ग ला त्यांनी ब लिहिला. कारण क चा प होतो, तर ग चा ब. रांग रांगेशीं. अक्कांना नागरी उत्तम येत होतं. त्यांनी 'गादी' लिहिली असती तर ती झाली असती 'बाजी'. 'दिव्याने'चं झालं असतं 'जिव्याने'. आतां चिठ्ठी पाहा."

तिने चिठ्ठीची ओळ खाली लिहिली आणि त्याखाली उकललेली. काती. तिव्याने. चितंपराला. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"ह्या चिठ्ठींत ग नाहीं, घ नाहीं, द नाहीं, ब नाहीं. एकही नाहीं. अक्कांचा हात कापत होता, मान्य. हात कापला म्हणून द चा त होत नाहीं!"

"पण दिव्याने तर शुद्ध वाचलं," गोपालकृष्ण म्हणाले.

"दिव्याने उकलून तमिळमध्यें लिहिलं. तिथे 'काती' आणि 'गादी' सारखंच दिसतं. तिने वाचलं, तुम्हीं ऐकलं, मीही ऐकलं. आपण सगळे जन्मभर हेंच करतों, म्हणून कुणाला कांहीं खटकलं नाहीं. चिठ्ठी अक्कांची नव्हेच."

दिव्यश्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तीन दिवस तिला चोर ठरल्याचं दुःख होतंच. पण अक्कांनी आपल्याला चोर म्हटलं, हे दुःख त्याहून मोठं होतं. ते आत्ता गेलं. तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

"मग लिहिली कुणी?" मागून आवाज आला.

"ज्याने 'कावेरीत पाणी, चुलीवर तूप' ऐकलं होतं त्याने. ऐकणारे तिघं." सुप्रभा चिदंबरपुढे उभी राहिली. चिदंबरचा घाम थांबेना. "फायदा ह्याचा. पण ह्याला मी नागरी शिकवलं. त्या ओळींत हा रांगाच्या रांगा बघणार. हरिता पुण्याची, तिला तर क आणि ग एक वाटणं शक्यच नाहीं."

"मुद्दाम चूक केली असेल तर?" हे अर्थातच गोपालकृष्ण.

"मुद्दाम करणारा चूक दिसेल अशी करतो, मामा. ही सगळ्या गावाने कानांनी ऐकली आणि कुणाला दिसली नाहीं. हें लिहिणाऱ्याला ती चूकच वाटली नव्हती. ओळ कानाने ऐकली. क चा प, च चा त. तमिळमध्यें लिहायचं तर चार अक्षरांत सगळ्या रांगा आल्या! त्याने चिठ्ठी आधी तमिळमध्यें लिहिली, अक्षरं बदलली, मग फोनमध्यें टाकली. फोनने नागरी करून दिली. फोन बिचारा काय करणार? त्याला जें एक अक्षर दिलं, तें त्याने एकच फिरवलं. मग समोर ठेवून सावकाश उतरवली, म्हणून हात थरथरला."

रघुराम गुडघ्यावर बोटांनी हळूहळू ठेका धरत होते. मग तो ठेका थांबला.

"वाचणाऱ्याला कळतं," ते म्हणाले.

७

ते उठले. त्यांच्यापाशी मृदंगाची जुनी कापडी खोळ होती. सकाळीच बरोबर आणलेली. तिच्या तळाच्या कापसातून त्यांनी जाड वही काढली आणि दिव्यश्रीसमोर ठेवली. एक पानही दुमडलं नव्हतं.

"जाळतां आली असती," ते म्हणाले. "हात धजला नाहीं. एकतीस वर्षं मागे बसलों. अक्का हसल्या कीं पाठीवरून ओळखायचों, रडल्या कीं मानेवरून. तूं उभी राहणार म्हटल्यावर मनांत म्हटलं, चला, आतां हिची पाठ. तर कुंभकोणमचा मुलगा! चिदंबर उभा राहिला असता तर मला ठेवलं असतं. एवढंच. तूं चोर ठरशील तें ठाऊक होतं मला. तरी लिहिलं."

दिव्यश्रीने वहीवरचा कापूस झटकला.

"तुमचं मनगट दुखतं म्हणून त्याला बोलावलं होतं, मामा. उत्तरार्धापुरतं," ती म्हणाली. "पण तुम्हांला विचारलं नाहीं. ती माझी चूक."

गोपालकृष्ण ठराव मांडायला उभे राहिले, आणि तिघांनी मिळून त्यांना खाली बसवलं.

सुप्रभाने वही उचलली. तिला एक खाज सुटली होती. चाळीस आख्यानांच्या मागे, अगदी शेवटच्या पानावर, एकच ओळ वेगळी होती. अक्षर कापरं, शाई नवी. तिने ती वाचली आणि रघुरामांकडे वळली.

"रघुराम मामा, हें पान तुम्हीं पाहिलं होतं?"

"पाहिलं. फोनमध्यें टाकलं. माझ्या चार अक्षरांनी सोडवलं, तर कांहींच अर्थ लागला नाहीं."

"लागणार नाहींच. ह्यांत ग आहे आणि द आहे." तिने वही दिव्यश्रीकडे दिली. "मोठ्याने वाच. जसं लिहिलंय तसं."

"बाजी जिव्याती," दिव्यश्रीने वाचलं. मग ओठ हलले, आणि डोळे भरून आले.

अर्ध्या मंडपाला काही कळलं नाही. चिदंबरने मात्र जागच्या जागी सोडवलं. अखेर तो पहिल्या वर्गाचा विद्यार्थी.

"गादी दिव्याची!" तो ओरडला. ज्याची आपली गादी गेली तो एवढ्या आनंदाने ओरडतो, हे सुप्रभाने प्रथमच पाहिलं. हरिताने नवऱ्याकडे बघून डोळे टिपले.

८

रविवारी मंडप रस्त्यापर्यंत भरला होता. दिव्यश्री नऊवारी नेसून, गळ्यात हार घालून गादीवर उभी राहिली. मागे चिदंबर झांजा घेऊन, शेजारी कुंभकोणमचा तरुण मृदंग लावून बसला होता. रघुराम मंडपाच्या दाराशी खांबामागे उभे होते. आत यायचं की नाही, ते त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

दिव्यश्रीने त्यांना पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता मृदंगावर बोलावेल. तिने तसं केलं नाही.

"मामा, आज वाजवूं नका," ती गादीवरून म्हणाली. "इथे या. पुढे बसा. माझ्यासमोर."

पहिल्या रांगेत तिने एक जागा रिकामी ठेवली होती. रघुराम येऊन बसले, पाय कुठे ठेवावे ते न कळून. आयुष्यात पहिल्यांदाच ते कीर्तनाला तोंडासमोर बसले होते.

तिने अक्कांचं शेवटचं आख्यान लावलं. ते अजून कुणी ऐकलेलं नव्हतं, कारण ते वहीबाहेर कधी आलंच नव्हतं. राम वनात गेला, या ओळीवर तिचा आवाज असा चढला की भिंतीपलीकडच्या चहावाल्याने बंब बंद केला. सुप्रभाच्या अंगावर काटा आला. ही गादी आपण खडूने परत मिळवली, असं तिला त्या क्षणी अगदी उघड, निर्लज्जपणे वाटलं, आणि ती खूश झाली.

पूर्वार्ध संपून टाळ्या पडल्या तेव्हा रघुराम रडत होते.

"तोंड असं दिसतं होय," ते शेजारी बसलेल्या सुप्रभाला म्हणाले. "एकतीस वर्षं मला ठाऊकच नव्हतं."

"सोमवारीं संध्याकाळीं पांचला माझा वर्ग असतो," ती म्हणाली. "पाटी घेऊन या. पहिल्या दिवशीं क, ख, ग, घ. चारही."

"चारही?"

"चारही. उत्तरार्ध सुरू होतोय, गप्प बसा."

कुंभकोणमच्या तरुणाने थाप मारली, दिव्यश्रीने हात उंचावला, आणि रघुरामांच्या गुडघ्यावर बोटं आपोआप धावू लागली.